गालातली नळी शोधणारा विद्यार्थी : धन्यवादित नील्स स्टेन्सन



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले-मुली बारावीनंतर जीवशास्त्राकडे वळतात. कोणाला डॉक्टर व्हायचे असते, तर कोणी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतो. पुढे प्रोजेक्ट करण्याची वेळ येते आणि घरात बरण्या, वाळलेली पाने, मेलेले किडे आणि वह्या यांचा पसारा मांडला जातो. आई वैतागते, वडिलांना त्यातले फारसे उमगत नाही. मिस्सानंतर चर्चच्या आवारात अशा मुलांशी गप्पा मारताना दोन प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. शिकत असताना आपल्या हातून खरोखर काही नवीन सापडू शकते का? आणि समजा सापडलेच, तर त्यावर नाव कोणाचे लागणार, आपले की सरांचे?

या दोन्ही प्रश्नांच्या कचाट्यात सापडलेल्या एका विद्यार्थ्याला पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांचे नाव नील्स स्टेन्सन. लॅटिन पुस्तकांत ते निकोलस स्टेनो या नावाने ओळखले जातात. खडकांच्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव चांगले ठाऊक आहे, कारण भूगर्भशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. आम्ही मात्र आज मुख्यतः त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी लिहिणार आहोत. त्या वयातल्या मुलाविषयी लिहिताना एकेरी उल्लेख केला आहे, तो वाचकांनी आपुलकीचा समजावा.

नील्सचा जन्म जानेवारी १६३८ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. घराणे ल्यूथरन पंथाचे. वडील सोनार होते आणि राजाकडूनही त्यांना काम मिळत असे. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत हा मुलगा आजारीच होता. इतर मुले अंगणात खेळत, तेव्हा तो मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत बसे. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. आईने पुन्हा लग्न केले. १६५४ साली शहरात प्लेग आला आणि त्याच्या शाळेतले कितीतरी सोबती त्याच्या डोळ्यांदेखत गेले. सोनाराच्या घरातले बालपण मात्र वाया गेले नाही. बारीक हत्यार हातात कसे धरावे, जोर किती लावावा, ही जाण बहुधा त्याला तिथेच आली असावी, असे आम्हाला वाटते.

१६५६ साली तो कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाला. थॉमस बार्तोलिन हे तिथले नामांकित प्राध्यापक त्याचे मार्गदर्शक. शरीरातील लसिकावाहिन्यांच्या शोधाबद्दल त्यांचे नाव साऱ्या युरोपात झाले होते. आता मुलगा शांतपणे शिकेल, असे वाटावे तोच १६५८ साली स्वीडनच्या राजाने शहराला वेढा घातला. तटबंदीच्या रक्षणासाठी विद्यार्थ्यांचीही पथके उभी राहिली आणि त्यात नील्सचेही नाव होते. तास बुडाले, शिक्षक पांगले. अशा दिवसांत, १६५९ च्या मार्चपासून जुलैपर्यंत, त्याने एक वही लिहिली. पहिल्या पानावर येशूचे नाव आणि मथळा कोणता, तर केऑस, म्हणजे गोंधळ! ही वही पुढे फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातील कागदपत्रांत पडून राहिली आणि १९४६ साली अभ्यासकांच्या हाती लागली.

आपल्या कॉलेजच्या मुलांनी ती वही पाहिली, तर त्यांना हायसे वाटेल. एकवीस वर्षांचा हा मुलगा सगळेच वाचत होता. गॅलिलिओ, केप्लर, देकार्त, औषधांची पुस्तके, सगळ्यांतून उतारे काढलेले. मधेच बर्फाच्या कणांचे आकार पाहून टिपून ठेवलेले. आणि मग स्वतःवरच राग. एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उड्या मारण्याची आपली खोड देवाने काढून टाकावी, अशी प्रार्थना त्याने तिथेच लिहिली आहे. दुपारपर्यंत वैद्यकाशिवाय दुसरे काही हाती घ्यायचे नाही, असा नियमही स्वतःला घालून घेतला. तो नियम किती दिवस टिकला, हे पुढची पाने वाचली की समजते. तिथेही खगोलशास्त्र आहे, गणित आहे, सगळेच आहे!

वेढा संपत आल्यावर पुढील शिक्षणासाठी तो हॉलंडला निघाला. बार्तोलिन यांनी शिफारस दिली होती. तिच्या बळावर १६६० च्या वसंतात ॲमस्टरडॅममध्ये जेरार्ड ब्लासियस नावाच्या डॉक्टरांच्या घरी त्याची राहण्याची सोय झाली. ब्लासियस त्याच सुमारास प्राध्यापक झाले होते. पाहुणा विद्यार्थी त्यांच्याच घरी राहणार, त्यांच्याकडून शरीररचना शिकणार, असे ठरले.

७ एप्रिल १६६० चा दिवस. नील्सला येऊन काही आठवडेच झाले होते. त्याने स्वतःच्या पैशाने मेंढीचे एक डोके विकत आणले आणि अभ्यासिकेत एकटाच त्याचे विच्छेदन करू लागला. खरे तर त्याला मेंदू पाहायचा होता. पण मेंदूला हात घालण्यापूर्वी तोंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या एकदा पाहून घ्याव्यात, असे त्याच्या मनात आले. गालाच्या भागात सुरीचे टोक एका पोकळीत शिरले आणि सहज इकडेतिकडे हलू लागले. त्याने लोखंडी सळई हळूच पुढे सरकवली. ती दातांवर आपटली आणि आवाज आला.

बस, एवढेच. पण त्या आवाजाचा अर्थ असा होता, की कानापुढच्या ग्रंथीपासून निघालेली एक नळी गाल भेदून थेट तोंडात उघडते. तोंडात लाळ येते कुठून, हा प्रश्न त्या काळी नीट सुटलेला नव्हता. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी लंडनचे डॉक्टर थॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली दाखवून दिली होती. कानाजवळच्या मोठ्या ग्रंथीविषयी मात्र नाना तर्क होते. ती कानाला ऊब देण्यासाठी आहे, असेही मानले जाई.

वाचकहो, ही नळी आपल्यालाही सापडेल. जिभेचे टोक वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला नेऊन गालाच्या आतल्या भिंतीवर फिरवा. पुढून मोजता वरची दुसरी मोठी दाढ जिथे येते, तिच्यासमोर एक बारीकसा उंचवटा लागेल. त्या उंचवट्यावरच तिचे तोंड आहे. लहानपणी गालगुंड झाले असेल, तर कानाखाली गाल कसा सुजतो, तेही आठवेल. सुजते ती हीच ग्रंथी. चिंचेचे नाव काढले की तोंडाला जे पाणी सुटते, त्यातले बरेचसे याच वाटेने येते.

मुलगा धावत सरांकडे गेला. सरांनी पाहिले आणि आधी म्हटले, की तूच जोर लावून भोक पाडले असशील. मग म्हटले, की ही निसर्गाची लहर असावी, एखाद्याच जनावरात असे असते. व्हार्टन यांचे पुस्तक उघडून पाहिले, तर त्यात या नळीचा उल्लेख नव्हता. इथे बहुतेक विद्यार्थी गप्प बसले असते. सर नाही म्हणतात, छापील पुस्तकात नाही, म्हणजे आपलेच काही चुकले! नील्सने तसे केले नाही, पण वादही घातला नाही. काही दिवसांनी त्याने कुत्र्याचे डोके घेतले आणि त्यातही ती नळी त्याला दिसली, जरा अस्पष्ट. एकदा सापडलेली गोष्ट लहर असेल, पण दुसऱ्या प्राण्यातही ती त्याच जागी असेल तर? जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही हेच शिकवतात.

जुलै महिन्यात तो लायडनच्या विद्यापीठात गेला आणि २७ तारखेला त्याचे नाव पटावर लागले. तिथे योहानेस व्हान होर्न आणि फ्रान्सिस्कस सिल्वियस हे दोन मोठे शिक्षक त्याला लाभले. नील्सने व्हान होर्न यांना नळी दाखवली. त्यांनी माणसाच्या शरीरातही ती आहे याची खात्री करून घेतली आणि सर्वांसमोर प्रात्यक्षिक करताना हा शोध आपल्या या विद्यार्थ्याचा आहे, असे जाहीरपणे सांगितले. त्या नळीला त्याचे नाव दिले तेही त्यांनीच. एक शिक्षक असा आणि एक तसा. दोघांच्यात अंतर होते, ते जेमतेम काही कोसांचे!

ही बातमी ॲमस्टरडॅमला पोहोचली आणि ब्लासियस बिथरले. १६६१ साली त्यांचे वैद्यकावरील पुस्तक निघाले. त्यात नळीचा शोध त्यांनी स्वतःच्या नावावर मांडला. पाहुणा म्हणून घरात घेतलेल्या पोराने आपला शोध पळवला, असा आरोप नील्सवर आला.

जरा विचार करा. परका देश. वय तेवीस. वडील नाहीत, हाती पदवी नाही. ज्यांच्या शिफारशीवर इथवर आलो, त्या बार्तोलिन सरांच्या कानावर चोरीचा आळ जाणार. विद्यार्थ्याच्या शब्दापुढे प्राध्यापकाचा शब्द. विद्येच्या क्षेत्रात चोर म्हणून एकदा नाव झाले, की पुढे कोण दारात उभे करणार?

नील्सने १६६१ च्या एप्रिलमध्ये बार्तोलिन यांना पत्र लिहून झाला प्रकार कळवला. कोणत्या दिवशी, कोणाच्या घरी, काय करायला निघालो होतो आणि काय सापडले, सर काय बोलले, सगळे क्रमाने. आपला शोध लहानसाच आहे आणि त्यावरून एवढा गाजावाजा व्हावा याची त्याला लाजच वाटत होती. पण खोटा ठरण्याची त्याची तयारी नव्हती. आम्हाला सगळ्यांत आवडला तो त्याचा एक मुद्दा. ब्लासियस यांनी आपल्या पुस्तकात ती नळी कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे धड सांगितलेले नाही आणि ग्रंथीचे काम म्हणून पुन्हा तीच ऊब देण्याची गोष्ट पुढे केली आहे. ज्याने स्वतः सळई घालून पाहिली, तो असे लिहील का? साक्षीदार नसलेल्या भांडणात त्याने असा पुरावा काढला.

त्याच वर्षीच्या जुलैत त्याने लायडनला तोंडातील ग्रंथींवर आपला प्रबंध मांडला. १६६२ साली त्याचा विस्तार पुस्तकरूपाने आला. आता एका नळीची गोष्ट राहिली नव्हती. तोंड, टाळू, नाक, डोळे, जिथे जिथे ओलावा येतो, तिथे तिथे त्याने ग्रंथी आणि त्यांच्या वाटा शोधल्या होत्या. अश्रू मेंदूतून पाझरतात, असे जुने लोक समजत. डोळ्याच्या वरच्या बाजूस अश्रूंची ग्रंथी आहे, तिच्या बारीक नळ्या पापणीच्या आत उघडतात आणि अश्रूंचे रोजचे काम डोळा ओला ठेवून पापणी सहज फिरू देण्याचे आहे, हे त्याने दाखवले. दुःखाने मेंदू पिळला जातो म्हणून रडू येते, ही समजूत तिथे संपली.

तरीही भांडण मिटले नाही. ब्लासियस यांच्या बाजूने दुसऱ्या एका डॉक्टरने पुस्तिका काढून नळीला ब्लासियस यांचे नाव दिले. १६६३ साली नील्सने त्याला छापील उत्तर दिले आणि त्या उत्तराची भाषा बोचरी आहे. धन्यवादितांच्या चरित्रात आपल्याला असे प्रसंग वाचायची सवय नसते. दुसरा गाल पुढे करण्याचा धडा तो त्या वयात शिकला नव्हता, असे म्हणायचे तर म्हणावे. पण त्याने खोटे काही लिहिले नाही. ब्लासियस यांनाही निव्वळ दुष्ट ठरवू नये. ते अभ्यासू गृहस्थ होते आणि प्राण्यांच्या शरीररचनेवर त्यांनी पुढे मोठा ग्रंथ लिहिला. नव्याने प्राध्यापक झालेल्या माणसाला आपल्याच घरात एक पोरगा आपल्यापुढे गेलेला पाहवला नाही, एवढेच.

लायडनमध्ये नील्सला जिवाभावाचे सोबती मिळाले. यान स्वामरडाम हा किड्यांच्या शरीररचनेचा पुढे जगप्रसिद्ध झालेला अभ्यासक आणि रेनियर द ग्राफ हे त्याचे सहाध्यायी. पुढे १६७० नंतर या दोघांतच स्त्रीच्या बीजकोशाच्या शोधावरून कडाक्याचे भांडण झाले आणि द ग्राफ तर १६७३ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. शोध कोणाचा, या प्रश्नाने किती घरे पोखरली आहेत!

याच दिवसांत नील्सने हृदयाकडे मोर्चा वळवला. हृदय हे शरीरातील उष्णतेचे घर, आत्म्याचे आसन, असे काय काय मानले जाई. देकार्त यांच्यासारख्या थोर तत्त्वज्ञानेही हृदयातल्या उष्णतेवरच आपली सगळी मांडणी उभी केली होती. नील्सने बैलाचे हृदय उकडले आणि त्याचे धागे सुटे केले. मटण शिजवणाऱ्या आपल्या माताभगिनींना हे चटकन समजेल, कारण शिजलेल्या मांसाचे धागे सुटतात. जे धागे पायाच्या स्नायूत, तेच हृदयात. हृदय हा एक स्नायू आहे, त्याहून वेगळे काही त्याला सापडले नाही.

या उकडलेल्या हृदयाने त्याच्या मनात काय केले, हे त्याने बऱ्याच वर्षांनी, १६७७ साली, लायबनिट्झ या विद्वानाला पत्रातून सांगितले. हॉलंडमध्ये त्याची ऊठबस स्पिनोझासारख्या स्वतंत्र बुद्धीच्या मंडळींत होती आणि त्याची श्रद्धा डळमळू लागली होती. हे लोक देव आणि आत्मा यांविषयी गणितासारखे खात्रीने बोलत. पण ज्यांच्या मतांवर ते विसंबून होते, ते हृदयासारख्या, हातात घेऊन पाहता येणाऱ्या वस्तूबद्दल एवढे चुकले असतील, तर न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांच्या शब्दावर का विसंबावे, असा विचार त्याच्या मनात आला. विज्ञान शिकून मुले देवाला विसरतात, अशी काळजी आपल्याकडे पालक बोलून दाखवतात. या मुलाच्या बाबतीत प्रयोगशाळेतच उलटे घडले.

१६६४ साली आई वारली आणि त्या वर्षी तो कोपनहेगनला परतलेला होता. स्नायू आणि ग्रंथी यांवरचे त्याचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती, पण ती दुसऱ्याला मिळाली. डिसेंबरात लायडनने त्याच्या गैरहजेरीत त्याला डॉक्टर पदवी दिली. इथे विद्यार्थिदशा संपली. पुढची हकिगत आम्ही थोडक्यात सांगतो, आणि आता आदरार्थी लिहितो.

१६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांच्या सभेत स्टेन्सन मेंदूवर बोलायला उभे राहिले आणि आपल्याला मेंदूविषयी काहीच ठाऊक नाही, ही कबुली देऊन त्यांनी व्याख्यान सुरू केले. मग ते इटलीला गेले. १६६६ साली लिव्होर्नो बंदरात त्यांनी पवित्र साक्रामेंताची मिरवणूक पाहिली. ही एक तर नुसती भाकर आहे आणि हे सगळे लोक वेडे आहेत, किंवा हे खरोखर ख्रिस्तशरीर आहे आणि मग आपण दूर का उभे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळ एक अजस्र मुशी, म्हणजे शार्क मासा, पकडण्यात आला. फ्लॉरेन्सच्या ड्यूकने त्याचे डोके त्यांच्याकडे पाठवले. मुशीचे दात पाहताच त्यांना माल्टा बेटावरच्या दगडी जिभा आठवल्या. संत पौलाला नाग चावला तेव्हा त्याने तिथल्या सर्पांना शाप दिला आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले, अशी लोककथा होती. स्टेन्सन यांनी सांगितले, की हे तर जुन्या काळातील माशांचे दात आहेत. तिथून ते डोंगरातले शिंपले, खडकांचे थर असे करत १६६९ च्या ग्रंथापर्यंत पोहोचले. एका माशाच्या डोक्याने भूगर्भशास्त्राला वाट करून दिली.

फ्लॉरेन्सच्या एका मठातील औषधालय सांभाळणाऱ्या सिस्टर मारिया फ्लाविया यांच्याशी त्यांची श्रद्धेवर पुष्कळ बोलणी झाली. नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली गुरुदीक्षा, १६७७ साली बिशपपद. उत्तर जर्मनीतील तुरळक, विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा त्यांच्याकडे आली आणि सुरी कायमची खाली ठेवली गेली. लायबनिट्झला याची हळहळ वाटे. खरे सांगायचे तर आम्हालाही थोडी वाटते. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी आणि क्रूससुद्धा विकले. ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरिन गावी, पोटाच्या असह्य वेदना सोसत, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते देवाघरी गेले. फ्लॉरेन्सच्या ड्यूकने त्यांचा देह मागवून घेतला आणि सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये तो ठेवण्यात आला.

ब्लासियस यांचे नाव देऊ पाहणारी ती पुस्तिका आता कोणी वाचत नाही. वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाला शरीररचना शिकणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींनी पुस्तकातले गालाचे चित्र उघडून पाहावे. कानापुढच्या ग्रंथीपासून वरच्या दाढेपर्यंत जाणाऱ्या त्या नळीपुढे स्टेन्सनची नलिका असे लिहिलेले असते.